कळसूबाईच्या शिड्या आणि आठ वर्षांची लेक: मुलांच्या मोठ्या ध्येयाची तयारी कशी करावी

बारी गावाजवळ रस्त्याच्या कडेला आम्ही चहाला थांबलो होतो. लेक मान वर करून डोंगराकडे बघत होती. टोकावर ठिपक्याएवढं काही तरी दिसत होतं. टपरीवाल्या मावशींनी सांगितलं, ते कळसूबाईचं देऊळ. मग गोष्टही सांगितली. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, ही तिची अट. एकदा घरी पाहुणे आले आणि नेमकी तीच कामं तिच्या गळ्यात पडली. तिने ती केली, पण मग घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती तिथलीच झाली. लेकीने विचारलं, "आई, मी जाऊ शकेन तिथे?"

ती तेव्हा आठ वर्षांची होती. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रात तिच्यापेक्षा उंच जागा नाही. बारीतून आठशे-नऊशे मीटरची उभी चढण आणि वाटेत कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. इमारतीच्या गच्चीवरून खाली बघायला ही मुलगी तयार नसायची. त्या प्रश्नापासून ती देवळाच्या पायरीवर बसेपर्यंत आठ महिने गेले आणि मधे एकदा आम्ही अर्ध्यातून परत आलो. त्या महिन्यांत काय उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. तुमच्या मुलाचं ध्येय डोंगराचं नसेलही, पण तयारीचा क्रम बराचसा हाच राहील.

आधी पंधरा दिवस गप्प राहा

मूल "मला करायचंय" म्हणालं की आपण लगेच कामाला लागतो. बूट आणतो, क्लास शोधतो, आजीला फोन करून सांगतो. संध्याकाळपर्यंत ते ध्येय मुलाचं राहत नाही, घराचं होतं. मग मुलाला मागे फिरायचं असेल तरी फिरता येत नाही, कारण सगळे वाट बघत असतात.

म्हणून मी पंधरा दिवस विषयच काढला नाही. विचारलं तर उत्तर देत होते, स्वतःहून एक शब्द नाही. चौथ्या दिवशी तिने वहीत शिड्यांचं चित्र काढलं. आठवड्याने विचारलं, "कळसू एकटीच चढली होती का?" दुसऱ्या आठवड्यात बाबाला विचारलं, की शिडी हलते का. मूल विषयाकडे असं परत परत येत राहिलं, तर ते त्याचं आहे असं समजा. आलं नाही तर सोडून द्या. टोमणा मारू नका, आठवणही करून देऊ नका. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दहा इच्छांपैकी नऊ विरून जातात, आणि ते अगदी बरोबर आहे.

पट्टी खालून वर लिहा

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन त्या शिड्यांवर जाऊ नये, हे आमचं पक्कं होतं. ओलं लोखंड, वारा, धुकं आणि सुट्टीच्या दिवशी शिडीखाली लागणारी रांग, यातली एकही गोष्ट नवख्या मुलाच्या बाजूची नाही. म्हणजे थंडी. तिथून मागे मोजत ऑगस्टपर्यंत आलो.

चार्ट पेपरची लांब पट्टी कापून कपाटाच्या दारावर चिकटवली. सर्वांत वर देऊळ, सर्वांत खाली पर्वतीची टेकडी. मधल्या पायऱ्या तिच्यासोबत बसून ठरवल्या. आम्ही पुण्यात राहतो, म्हणून आमची पट्टी अशी झाली: पर्वती एकदा न थांबता. मग पर्वती तीनदा वर-खाली (तिथे १०३ पायऱ्या आहेत, तिने स्वतः गुणाकार करून ३०९ लिहिलं). मग वेताळ टेकडीवर दीड तास. मग लोहगड, कारण तिथे बांधीव पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे लागतात, त्यामुळे मुलाला पुढचा टप्पा डोळ्यांना दिसत राहतो. मग सिंहगड आतकरवाडीकडून, पण फक्त अर्धा. मग सिंहगड पूर्ण. आणि मग कळसूबाई.

पहिली पायरी इतकी सोपी हवी की ती पहिल्याच दिवशी जमेल. आपली हिंमत अशी साठत जाते: "हे मी केलंय" असं मुलाला स्वतःच्या अंगाने कळलेलं असतं. आपण शंभरदा "तुला जमेल" म्हटल्याने त्या साठ्यात भर पडत नाही. आणि पुढच्या पायरीवर कधी जायचं, हे मुलाने सांगायचं. आमच्याकडे नियम होता की ती "आता हे सोपं वाटतं" म्हणेपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची. लोहगडला आम्ही दोनदा गेलो. वेताळ टेकडीवर किती वेळा, ते मोजलंच नाही.

अर्धा सिंहगड मुद्दाम होता, आणि मला वाटतं संपूर्ण तयारीतली ती सगळ्यांत महत्त्वाची पायरी होती. वर जायची ताकद असताना ठरल्या जागेवरून वळायचं, खाली येऊन भाकरी-पिठलं खायचं आणि पट्टीवर ती पायरी "झाली" म्हणून रंगवायची. परत फिरणं हाही सरावाचा भाग आहे, हे मुलाला आधी, सुखाच्या दिवशी कळायला हवं. खरी वेळ येते तेव्हा ते शिकवता येत नाही.

भीती किती? घोट्याएवढी, गुडघ्याएवढी, गळ्याएवढी

"घाबरायचं काय त्यात!" हे वाक्य आमच्या घरातून मी काढून टाकलं. मुलाला भीती वाटत असते आणि आपण म्हणतो ती नाहीच. मग मूल भीतीसोबत एकटं पडतं, आणि पुढच्या वेळी सांगत नाही. डोंगरावर न सांगितलेली भीती धोक्याची असते.

पण "भीती वाटते का?" हा प्रश्नही अपुरा आहे, कारण उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. दहापैकी किती, हे लहान मुलांना नीट सांगता येत नाही. आम्ही भीतीचं पाणी केलं. घोट्यापर्यंत आलं तर चालत राहायचं. गुडघ्यापर्यंत आलं तरी चालायचं, पण हळू आणि बोलत. कमरेपर्यंत आलं की थांबायचं, बसायचं, दोन घोट पाणी, आणि नेमकं कशाचं भय वाटतंय ते शोधायचं. गळ्याशी आलं की खाली, आणि त्यावर वाद नाही. ती हाताने उंची दाखवायची, शब्दांची गरजच नसायची. महिन्याभरात ती स्वतःहून म्हणायला लागली, "आई, मघाशी कंबर होती, आता गुडघा झालाय." भीती चढते तशी उतरतेही, हे तिला स्वतःच्या अंगावर कळलं, आणि माझ्या मते धाडसाची सुरुवात इथून झाली.

कशाचं भय, हे शोधणंही महत्त्वाचं. तिला उंचीचं भय आहे असं आम्ही धरून चाललो होतो. बागेतल्या घसरगुंडीच्या शिडीवर बसून बोलताना निघालं, की तिला भय होतं ते पायऱ्यांमधल्या मोकळ्या जागेचं, पाय आरपार जाईल याचं. मग उपाय सोपा झाला: पाऊल पायरीवर मधोमध ठेवायचं आणि ठेवल्यावर मनात "ठेवलं" म्हणायचं. आठवड्यातून दोन संध्याकाळी बागेत तेवढंच केलं.

शिडीचे बाकी नियम त्याच बागेत पक्के केले. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन कायम शिडीला. उतरतानाही तोंड शिडीकडे. चढताना मोठं माणूस मुलाच्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला. उतरताना मोठं माणूस आधी उतरणार. हातात काठी, बाटली, मोबाइल काही नाही.

तोंडातून काय बाहेर पडतं, त्याकडे लक्ष

"जपून!", "पडशील!", "अगं बघ ना!" या शब्दांनी मुलाच्या पायाला काहीच कळत नाही, फक्त आपली घाबरगुंडी त्याच्याकडे जाते. त्याऐवजी "डावा पाय त्या सपाट दगडावर", "इथे माती सुटी आहे, बसून उतर" असं सांगा. सांगण्यासारखं नेमकं काही नसेल तर गप्प राहा. मला हे जमायला दोन महिने लागले.

कौतुकाचंही तसंच. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. हुशार म्हटलेली मुलं पुढे सोपी कामं निवडायला लागली, आणि अवघड कोडी सुटली नाहीत तेव्हा लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. कारण उघड आहे. हुशारीचा शिक्का बसला की तो पुसला जाईल असं काही करायला मूल धजत नाही.

पण नुसतं "छान मेहनत केलीस" हेही चार दिवसांत गुळगुळीत होतं. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं ठरवलं. "त्या वळणावर पाय घसरला, तेव्हा तू लगेच खाली बसलीस." बस, एवढंच. मुलाला आपण बघत होतो हे कळतं, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही कळतं. बक्षीस मात्र ठेवू नका. वर पोचल्यावर सायकल मिळणार असेल, तर मूल सायकलसाठी चढतं, आणि अर्ध्यातून फिरलं तर देऊळही गेलं, सायकलही गेली.

नातेवाईकांना आधी सांगून ठेवा. "आमचा बंटी तर सहाव्या वर्षीच चढला" हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे ते आलं तेव्हा तिच्या आजीने विषय बदलला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

गोष्ट सांगा, पण शिखराआधीची

मालावथ पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली तेव्हा ती १३ वर्षं ११ महिन्यांची होती. मुलांना एवढंच सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही, उलट दडपण येतं. मी लेकीला सांगितलं की तेलंगणातल्या पाकाला या छोट्या गावातली ही मुलगी आधी भोंगीरच्या खडकावर चढायला शिकली, मग दार्जिलिंगला प्रशिक्षण, मग लडाखची थंडी. लेक उठली आणि कपाटाजवळ जाऊन म्हणाली, "म्हणजे भोंगीर ही तिची पर्वती."

दुसरी गोष्ट खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत कुस्ती करत वाढलेला माणूस, तिथे मॅटवर खेळावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण १९५२ ची गोष्ट सांगतो. मुलांना १९४८ ची जास्त उपयोगी पडते, आणि त्याहून जास्त मधल्या चार वर्षांची.

"नको" चार प्रकारचं असतं

चालताना मूल कधी तरी बसकण मारणार आणि म्हणणार, "मला नाही यायचं." इथे बरेच पालक एक तर ओढत नेतात, नाही तर लगेच उचलून घेतात. आधी ओळखायचं की हे "नको" कुठलं आहे.

भुकेचं "नको" चिडचिडं असतं आणि बहुतेक वेळा तेच असतं. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, जे घरी आवडतं ते दर अर्ध्या तासाने थोडं थोडं द्या. भूक लागल्यावर द्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. थकव्याचं "नको" शांत असतं. मूल बोलेनासं होतं, पाय ओढतं. त्यावर पाच-सात मिनिटांची खरी विश्रांती, पाठपिशवी काढून. चालताना मुलाला सगळ्यांत पुढे ठेवा, वेग त्याचा. चालता चालता बोलता येतंय, तोवर वेग बरोबर आहे.

कंटाळ्याचं "नको" वेगळंच. त्यात पायांत भरपूर ताकद असते, म्हातारी उडताना दिसली तर मूल पळत सुटतं. इथे चिकाटी शिकवायची जागा आहे. टोक दाखवू नका, ते मुलाला फार दूर वाटतं. "त्या वाकड्या झाडापर्यंत" एवढंच. झाड आलं की पुढची खूण मुलाने निवडायची. आमच्या लेकीने लोहगडची निम्मी वाट माकडं मोजत काढली.

चौथं भीतीचं. ते बाकीच्या तिघांचा वेष घेऊन येतं: पोट दुखतं, बूट टोचतो, शू लागली. बूट एकदा खरोखर तपासा, आणि मग विचारा, "पाणी कुठवर आलंय?"

डोंगराचा दिवस

मुंबईकडून इगतपुरी-घोटीमार्गे, पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे बारीला पोचता येतं. आदल्या रात्री गावात मुक्काम करा. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. शिडीवर मागून घाई करणारी माणसं असली, तर मुलाची चार महिन्यांची तयारी पाच मिनिटांत मातीत जाते. उजाडता निघा. मोठ्यांना चढायला तीन तास लागतात, मुलासोबत साडेचार-पाच धरा. मुलाच्या पाठीवर त्याचं पाणी, खाऊ आणि शिटी, एवढंच; पिशवी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. तुमच्याकडे ओआरएस, पट्ट्या, टॉर्च, वरच्या वाऱ्यासाठी जाकीट. दमा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर तयारी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं.

परतीची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. आमची साडेअकरा होती. साडेअकराला जिथे असू तिथून खाली, मग देऊळ हाकेच्या अंतरावर का असेना. आणि परत फिरण्याचा हक्क प्रत्येकाला. मुलाने "खाली" म्हटलं तर त्याला पटवत बसायचं नाही.

डिसेंबरात पहिल्यांदा गेलो. पहिली शिडी ती चढली, हळू पण व्यवस्थित. दुसऱ्या शिडीखाली थांबली. वारा सुटला होता, वरून एक मोठा गट उतरत होता, शिडी वाजत होती. तिने हात गळ्याशी नेला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पुन्हा गळ्याशीच नेला. आम्ही वळलो. बाबाचा चेहरा थोडा उतरला होता, मी त्याला डोळ्यांनी खुणावलं.

त्या संध्याकाळी काय करायचं आणि काय नाही, हे फार महत्त्वाचं आहे. "काही हरकत नाही" हे दहादा म्हणू नका, त्यातूनच मुलाला कळतं की हरकत आहे. "पुढच्या महिन्यात येऊ हं" असं आश्वासनही नको, ते ओझं होतं. आम्ही जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी घरी तिने पट्टीवर देवळाच्या खाली नवी रेघ मारली आणि लिहिलं, "पहिली शिडी. झाली." ती रेघ आम्ही सुचवली नव्हती. आठवड्याने तिनेच विचारलं, की वाजणाऱ्या शिडीवर सराव कुठे करता येईल. ओळखीच्या एका काकांच्या शेतघराला माळ्यावर जायची लोखंडी शिडी होती. बाबा खाली उभा राहून ती मुद्दाम वाजवायचा आणि ही चढायची.

जानेवारीच्या शेवटी, मधल्या वारी, पुन्हा गेलो. दुसऱ्या शिडीखाली पाणी कमरेपर्यंत आलं. बसलो, लाडू खाल्ला. ती म्हणाली, "आता गुडघा." मी तिच्या मागे होते आणि प्रत्येक पायरीवर मला हळू आवाजात ऐकू येत होतं, "ठेवलं. ठेवलं. ठेवलं." अकरा वाजता ती देवळाच्या पायरीवर बसली. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे गड उभे होते, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि आम्हीही बोललो नाही. फोटो नंतर काढले.

उतरण विसरू नका. गुडघे दमलेले, मन सैल झालेलं, घसरणं बहुतेक इथेच होतं. वर पोचल्यावर "जिंकलो" असं म्हणू नका. अर्धंच झालेलं असतं. खाणं, पाणी, विश्रांती चढताना होती तशीच, आणि शिड्यांचे नियम जास्त कडक.

दुसरं ध्येय असेल तर

स्टेजवर बोलायला घाबरणाऱ्या मुलासाठी पट्टी अशी होते: आरशासमोर, आजीसमोर, शेजारच्या दोन मित्रांसमोर, सोसायटीच्या गणपतीत दोन ओळी, मग शाळेची कथाकथन स्पर्धा. अर्ध्यातून फिरायची पायरी तिथेही ठेवा: मंचावर जायचं, नमस्कार करायचा आणि उतरायचं, त्या दिवशी एवढंच. बाकी सगळं, म्हणजे भीतीचं पाणी, नेमके शब्द आणि बक्षीस नाही हा नियम, जसंच्या तसं लागू पडतं.

फक्त एक गोष्ट दुसऱ्या वेळी बदला. पहिली पट्टी आपण मुलासोबत लिहिली होती. दुसरी त्याला एकट्याला लिहू द्या, पायऱ्या चुकल्या तरी. आमच्या कपाटावर आता नवा कागद आहे. वर निळ्या खडूने "तलाव, खोल बाजू" आणि सर्वांत खाली, तिच्या तिरक्या अक्षरांत, "काठ धरून पाय मारणे." त्याच्यापुढे परवा बरोबरची खूण झाली. मधल्या पायऱ्या अजून कोऱ्या आहेत.